विश्लेषण : हजार फोटोंऐवजी एकच निगेटिव्ह! लार्ज फॉरमॅट फिल्मकडे छायाचित्रकार का वळताहेत?

जोतिबाच्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेला ‘चांगभलं’चा गजर सुरू झाला, की गुलालाच्या उधळणीत असंख्य मोबाइल एकाच वेळी वर होतात. दुसरीकडे जगभरातले काही छायाचित्रकार डिजिटल कॅमेरा बाजूला ठेवून दिवसभरात जेमतेम चार-सहा फोटो देणाऱ्या लार्ज फॉरमॅट फिल्मकडे वळत आहेत. हा केवळ जुन्याचा शौक आहे, की त्यामागे ठोस कारण आहे?

लार्ज फॉरमॅट म्हणजे काय?

या कॅमेऱ्यात रिळाऐवजी फिल्मचा एकेक सुटा कागदाएवढा तुकडा, म्हणजे शीट वापरतात. सर्वाधिक प्रचलित आकार ४ बाय ५ इंच, त्याहून मोठा ८ बाय १० इंच. पुढे लेन्स, मागे घासलेली काच आणि मध्ये भात्यासारखी घडी. काचेवर दृश्य उलटे दिसते, म्हणून छायाचित्रकार डोक्यावर काळे कापड घेतो. ४ बाय ५ निगेटिव्हचे क्षेत्रफळ फुल फ्रेम डिजिटल सेन्सरच्या सुमारे १३ पट असते. त्यामुळे मोठ्या प्रिंटमध्येही दगडावरचा पोत स्पष्ट राहतो.

मोबाइलमध्ये नाही असे यात काय?

जोतिबाच्या मंदिर आवारात याचे उत्तर मिळते. मुख्य मंदिर राणोजी शिंदे यांनी १७३० मध्ये बांधले, तर शेजारचे केदारेश्वर मंदिर १८०८ मध्ये दौलतराव शिंदे यांनी. शिखरे उंच आणि मागे सरकायला जागा कमी. फोटोत शिखर बसवण्यासाठी मोबाइल वर तिरका केला, की मंदिर मागे कलल्यासारखे दिसते. सॉफ्टवेअर हे सरळ करते, पण चित्र ताणून आणि कडा कापून. लार्ज फॉरमॅटमध्ये कॅमेरा सरळच ठेवून फक्त लेन्स वर सरकवता येते. उभ्या रेषा उभ्याच राहतात. लेन्स तिरकी करून पायाजवळची फरशी आणि दूरचे शिखर एकाच वेळी फोकसमध्येही आणता येते. या तत्त्वाला ऑस्ट्रियाचे लष्करी अधिकारी थिओडोर शाइमफ्लुग यांचे नाव आहे.

गुलाल काळा दिसेल की पांढरा?

काळ्या-पांढऱ्या फिल्मवर हा निर्णय आधीच घ्यावा लागतो. गुलाल लाल प्रकाश परावर्तित करतो आणि हिरवा शोषतो. लेन्सवर लाल फिल्टर लावला तर गुलाल फिकट, जवळजवळ पांढरा उमटतो. हिरवा लावला तर गडद. डिजिटलमध्ये हा बदल घरी बसून करता येतो. फिल्मवर शटर दाबण्यापूर्वीच विचार पक्का हवा. अनेकांना नेमकी हीच शिस्त हवी आहे.

यात्रेच्या गर्दीत हा कॅमेरा चालेल का?

फारसा नाही. १०० आयएसओची फिल्म, कडक ऊन आणि एफ/३२ छिद्र असे गणित मांडले, तर शटर साधारण १/३० सेकंद येते. नाचणारी सासनकाठी त्यात पुसट होणार. पहाटे तर कित्येक सेकंद लागतात; दगड स्पष्ट येतो आणि चालणारी माणसे धुरासारखी. शिवाय गुलालाची धूळ ही फिल्मची शत्रू. शीटवर कण बसला, की तिथे प्रकाश पोहोचत नाही आणि प्रिंटवर डाग उरतो. त्यामुळे यात्रेसाठी डिजिटल, तर निवांत दिवशी वास्तू आणि व्यक्तिचित्रांसाठी लार्ज फॉरमॅट, अशी विभागणी व्यवहार्य ठरते.

एआयशी याचा संबंध काय?

न घडलेल्या प्रसंगाचा फोटो आता मिनिटात तयार होतो. त्यामुळे फोटो खरा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी छायाचित्रकारावर आली आहे. २०२३ मध्ये आलेल्या ‘लायका एम११-पी’ने फोटोसोबत डिजिटल स्वाक्षरी जोडण्याची सोय दिली. फिल्ममध्ये मूळ प्रत हातात धरता येते. मात्र निगेटिव्ह हा अंतिम पुरावा नव्हे. स्क्रीनवरच्या बनावट चित्राचाही फिल्मवर फोटो काढता येतो. फसवणूक अवघड होते, अशक्य नाही.

निगेटिव्ह कायम टिकते का?

कोल्हापूरइतके याचे कटू उत्तर क्वचित कुठे मिळेल. बाबूराव पेंटर यांनी इथे १९१८ च्या सुमारास देशी सिनेकॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. आज तो चित्रपट उपलब्ध नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घेई. २००३ मध्ये पुण्यातील आगीतही जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा ठेवा नष्ट झाला. आजची शीट फिल्म सुरक्षित प्लास्टिकवर असते, तरी दमट कपाटात तिलाही बुरशी लागते. हार्ड डिस्क अचानक बंद पडते, निगेटिव्ह हळूहळू खराब होते. जपणूक दोन्हींना हवी.

खर्च आणि अडचणी कोणत्या?

काळ्या-पांढऱ्या एका शीटलाच शेकड्यांत रुपये मोजावे लागतात. रंगीत त्याहून महाग. उटीची सरकारी ‘हिंदुस्थान फोटो फिल्म्स’ पूर्वी ‘इंदू’ नावाने फिल्म बनवत असे. ती बंद झाल्याने सगळी भिस्त आयातीवर आहे. इल्फर्ड, कोडॅक, फोमा अशा मोजक्याच कंपन्या शीट बनवतात. विमानतळावरील नव्या सीटी स्कॅनरमुळे न धुतलेली फिल्म खराब होऊ शकते, म्हणून ती हाताने तपासण्याची विनंती करावी लागते. डेव्हलपरसाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान. चैत्रातल्या कोल्हापुरात नळाचे पाणीच त्याहून गरम, म्हणजे बर्फ हाताशी हवा. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी विरघळलेली असते. तो गटारात ओतू नये.

सुरुवात कशी करावी?

थेट मोठा कॅमेरा घेण्याऐवजी जुन्या ३५ मिमी कॅमेऱ्यावर काळे-पांढरे रीळ वापरून घरी धुऊन पाहावे. ‘गोवा सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह फोटोग्राफी’सारखी संस्था पारंपरिक छायाचित्रण तंत्रांवर काम करते. आणि हे काहीच जमणार नसेल, तर एक गोष्ट आजच करता येते : मोबाइलमधल्या यात्रेच्या फोटोंतून घरच्यांचे दहा निवडा, त्यांच्या प्रिंट काढा आणि मागे नावे व तारीख लिहा. नातवंडांच्या हाती पडण्याची शक्यता त्या दहा फोटोंचीच अधिक.