शेगडीची चकाकी आणि खारी हवा

गुहागरसारख्या किनारी गावात कबाब, मासळी भाजण्यासाठी गॅसची ग्रिल शेगडी घेताना गिऱ्हाईक चकाकी आणि भाव पाहते. माझ्या मते पहिला प्रश्न धातूचा विचारावा. आम्ही कापडवाले रंगाआधी सूत पाहतो, तसेच हे.

खाऱ्या हवेतले मीठ स्टीलवरचा क्रोमियमचा संरक्षक थर फोडते. ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. स्वस्त २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते. किनाऱ्यावर ते लवकर गंजते. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे ३०४, ही समजूत चुकीची आहे. २०२ लाही तो सहसा चिकटत नाही. म्हणून प्रत बिलावर लिहून घ्यावी.

बर्नर पितळेचा किंवा जाड बिडाचा, नळी आयएसआय शिक्क्याची हवी. सोबत न्यायला ५ किलोचे सिलिंडर सोयीचे. मात्र बंद खोलीत ग्रिल पेटवू नये. वापरानंतर गोड्या पाण्याने पुसून कोरडी करावी. निगा ३०४ लाही लागते.

दुकानदार बांधवांनीही प्रत सांगूनच माल विकावा. एका पावसाळ्यात गंजलेली शेगडी गिऱ्हाइकाचे पैसे घालवते आणि दुकानाची पतही.