‘नाही’ची चोरी

माणसाने कशाची चोरी करावी, याला आता काही धरबंधच उरलेला नाही. पूर्वीचे चोर भांडी पळवीत, दागिने पळवीत, फार तर परड्यातली एखादी कोंबडी पळवीत. चोरी झाली की घरात काहीतरी कमी झालेले दिसे, आणि बोंब मारायला माणूस मोकळा होई. मी आज ज्या चोरीविषयी लिहिणार आहे तीत चोरांनी एक शब्द पळवला. तो शब्द म्हणजे ‘नाही’. आणि वर, ज्याचा शब्द पळवला त्यालाच त्यांनी ‘आम्ही तुमची सोय केली’ असे हसतमुखाने ऐकवले.

फराळाच्या ताटापुढे बसलेल्या वाचकाला संगणकाच्या तारांत गुंतवणे बरे नव्हे, हे मला कळते. पण गोष्ट यंत्राची असली तरी तिच्यात बळी माणसाचा जातो, आणि तो कसा जातो हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

२०११ सालचा जून महिना. दहावीच्या निकालाचा दिवस. मी एका तालुक्याच्या गावी मराठी शाळेत शिकवतो. कादंबऱ्याही लिहितो, पण त्यांना जेवढे वाचक लाभले त्याच्या कितीतरी पट शुद्धलेखनाच्या वह्या मी आजवर तपासल्या आहेत. माझे स्वतःचे शिक्षण दहावीपुढे गेलेले नाही. त्यामुळे त्या दिवसाला घराघरांत काय वजन असते, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

दिवेलागणीच्या सुमारास वर्गातल्या एका मुलीचे वडील सायकलवरून घरी आले. उंबऱ्यातच थांबले. म्हणाले, “सर, पोरीचा रिझल्टच न्हाई म्हनत्यात. दुपारधरनं पडून हाय. जेवत न्हाई, बोलत न्हाई. नापास झाली असंल तर झाली, पर ‘न्हाई’ म्हंजे काय वो?”

मी नंबर घेतला आणि स्टँडाजवळच्या सायबर कॅफेत गेलो. मुलगी पास होती. शेकडा एकाहत्तर गुण होते. मग ‘निकाल नाही’ असे तिला सांगितले तरी कुणी? ती दुपारी याच कॅफेत, याच यंत्रावर बसली होती. कॅफेवाल्या पोराने दुपारी उघडलेली पाने मला शोधून दाखवली, तेव्हा उलगडा झाला. निकालाच्या सरकारी संकेतस्थळाचा पत्ता टाइप करताना तिच्या हातून एक अक्षर गळले होते. त्या चुकीच्या नावाचे संकेतस्थळ जगात कुठेही नव्हते. तरीही पडद्यावर पान उघडले होते! वर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचे बोधचिन्ह, मधोमध एक रिकामा चौकोन, भोवताली जादा क्लास, कर्ज आणि विवाहमंडळे यांच्या जाहिराती. पोरीला वाटले, हेच ते पान. तिने चौकोनात आपला बैठक क्रमांक भरला. उत्तर आले, ‘नो रिझल्ट्स फाउंड’.

तो शोधाचा चौकोन होता. बैठक क्रमांकाला जुळणारे काही सापडले नाही, एवढाच त्या इंग्रजी वाक्याचा अर्थ. पण निकालाच्या दिवशी, मराठी शाळेतल्या पंधरा वर्षांच्या मुलीने ‘नो रिझल्ट’ याचा दुसरा कोणता अर्थ लावावा? दुपारपासून दिवेलागणीपर्यंत ती माजघरात पालथी पडून होती. अशा दुपारी आपल्याकडे पोरे काय करून बसतात, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगण्याची गरज नाही. तिने केले नाही, हे तिच्या आईबापांचे नशीब.

आता हे पान आले कुठून?

संगणकांना नावे कळत नाहीत, आकडे कळतात. आपण नाव लिहायचे आणि यंत्राने त्याचा आकडा शोधून आणायचा, अशी व्यवस्था अमेरिकेतल्या पॉल मोकापेट्रिस नावाच्या गृहस्थाने १९८३ साली मांडली. तिला डोमेन नेम सिस्टिम म्हणतात. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे एक चौकशीची खिडकी असते. आपले यंत्र तिथे जाऊन विचारते, ‘या नावाचे घर कुठे?’ खिडकीने वरच्या दप्तरांतून तपास करून आकडा द्यायचा. आणि नाव अस्तित्वातच नसेल तर? त्याचीही सोय आहे. १९८७ साली ठरलेल्या नियमांत तीन क्रमांकाचे उत्तर यासाठीच राखून ठेवले आहे : असे नाव नाही. सगळ्या इमारतीत मला सर्वांत आवडलेली वीट ही. ज्यांनी ती रचली त्यांना ठाऊक होते, की जगात बरोबर प्रश्नांइतकेच चुकीचे प्रश्नही विचारले जाणार, आणि त्यांनाही खरे उत्तर मिळाले पाहिजे.

या विटेत पैसा आहे, हे पुढे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले. लाखो माणसे रोज टाइप करताना चुकतात. प्रत्येक चुकीला ‘नाही’ म्हणून सोडून देण्यापेक्षा खिडकीवरच्या माणसाने एक खोटा आकडा द्यावा आणि गिऱ्हाईक आपल्या जाहिरातींच्या दुकानात पाठवावे. त्याने एखाद्या जाहिरातीवर बोट दाबले की दलाली आपली! टपालखात्याने ‘पत्तेदार सापडत नाही’ असा शेरा मारून पत्र परत करण्याऐवजी ते जवळच्या सावकाराच्या पेढीवर नेऊन टाकावे, त्यातलाच हा प्रकार.

सर्वांत मोठा दरोडा पडला तो १५ सप्टेंबर २००३ रोजी. डॉट कॉम आणि डॉट नेट या आडनावांची सारी वही व्हेरिसाइन या अमेरिकन कंपनीच्या ताब्यात होती. तिने त्या दिवशी वहीतच अशी नोंद केली, की जे नाव नाही तेही आहे, आणि त्याचा पत्ता आमचा! एका रात्रीत या दोन आडनावांपुरता ‘नाही’ हा शब्द पृथ्वीवरून नाहीसा झाला. ज्या टपाल-यंत्रणा ‘पाठवणाऱ्याचे नाव खरे आहे का’ एवढे विचारून भुरटी पत्रे अडवीत, त्यांच्या त्या चाळणीला भोक पडले, कारण आता प्रत्येक नाव खरेच ठरू लागले. पत्त्यात चूक झालेली ई-पत्रे व्हेरिसाइनच्या दारात जाऊन पडू लागली. सुदैवाने तारा ओढणारी माणसे शहाणी निघाली. अनेकांनी आपापल्या खिडक्यांवर ही खोटी उत्तरे ओळखून फेकून देणारी दुरुस्ती बसवली. नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने ३ ऑक्टोबरला तंबी दिली आणि दुसऱ्या दिवशी दुकान बंद झाले. जेमतेम तीन आठवडे! पुढल्या वर्षी व्हेरिसाइनने उलट आयकॅनवरच दावा लावला, यावरून तिला कितपत पश्चात्ताप झाला होता ते दिसतेच.

मोठा दरोडा फसला म्हणून चोरी थांबली नाही. ती गल्लीगल्लीत गेली. वरची वही हाती नसली तरी खालची खिडकी प्रत्येक कंपनीच्या हातात होतीच. आणि या उद्योगाला दिलेली नावे तरी पाहा! व्हेरिसाइनचा तो ‘साइट फाइंडर’, म्हणजे ठिकाण शोधून देणारा. अमेरिकेतल्या कॉमकास्टने २००९ साली आणला तो ‘डोमेन हेल्पर’, म्हणजे मदतनीस. जर्मनीतल्या डॉइच टेलिकॉमचा त्याच वर्षीचा प्रकार ‘नाविगात्सिओन्सहिल्फे’. त्याचाही अर्थ वाट शोधायला मदत असाच. ज्याला त्याला मदतीचा केवढा उमाळा! खिसेकापूंनी उद्या ‘भार हलका करणारी मंडळी’ अशी पाटी लावली तर मला नवल वाटणार नाही.

या मदतीचा एक नमुना सांगतो. २००८ साली डॅन कमिन्स्की या संगणक-सुरक्षेच्या जाणकाराने अर्थलिंक या अमेरिकन कंपनीची अशी पाने तपासली. ती पाने बेअरफ्रूट नावाची एक भाडोत्री मंडळी चालवीत असे. त्यांच्या यंत्रात त्याला एक भगदाड सापडले. एखाद्या मोठ्या, नामांकित संकेतस्थळाच्या नावामागे भलतेच काही जोडले, की ‘असे नाव नाही’ याऐवजी ही भाडोत्री पाने त्या नामांकित नावाखाली उघडत. आणि भगदाडातून कोणाही लबाडाला त्या नावाने आपला कारभार मांडता येई. दाराला कुलूप मालकाने चोख लावलेले. पण टपालवाल्याच्या मदतनीसाने भिंतीला खिडकी पाडून ठेवलेली! भगदाड नंतर बुजवले गेले. पण मुळात ती खिडकी पाडायला सांगितली होती कुणी?

या धंद्याच्या बाजूने वकिली करणारे मला भेटलेले आहेत. ते म्हणतात, “मास्तर, ‘सापडत नाही’ अशी कोरडी पाटी बघून गिऱ्हाइकाने करायचे काय? त्यापेक्षा चार दुवे दिले तर बिघडले कुठे?” या प्रश्नात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. कोरडा नकार कुणालाच आवडत नाही. पण वीस-पंचवीस वर्षे फळ्यापुढे काढून मला एवढे कळले आहे, की मुलाने वहीत चूक केली तर तिच्याखाली लाल रेघ हवी. रेघ दिसली की मूल थांबते, पुन्हा पाहते, गळलेले अक्षर आपले आपण घालते. त्या मुलीला ‘असे ठिकाण नाही’ एवढे कुणी सांगितले असते, तर तिने पत्ता पुन्हा वाचला असता. शुद्धलेखनात ती वर्गात पहिल्या पाचांत होती. तिला लाल रेघ मिळाली नाही. तिच्या चुकीवर कुणीतरी दुकान थाटले होते.

दुसरा युक्तिवाद असा, की ब्राउझरही चुकलेला शब्द शोधयंत्राकडे पाठवतो, मग कंपनीनेच काय घोडे मारले? ब्राउझर माझ्या घरातला गडी आहे. त्याची खोड आवडली नाही तर मी ती मोडीन, नाहीतर गडी बदलीन. खिडकी मात्र रस्त्यावर आहे. तिथे माझा ब्राउझरच नव्हे, टपाल जाते, शाळेचा छापखंत्री जातो, दवाखान्यातले यंत्र जाते. यंत्राला जाहिरात वाचता येत नाही. त्याला ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच कळते, आणि तेवढेच तुम्ही खोटे सांगता! तिसरे म्हणतात, “नको असेल त्याने कळवावे, आम्ही बंद करू.” वा! चोरी करू नका असा अर्ज घरमालकाने करायचा, आणि तोही चोराच्या कचेरीत!

या सगळ्यावर मला कुणा पंडिताचे उत्तर नको. कॉमकास्टनेच ते दिले आहे. खिडकीवरच्या उत्तरांत कुणी वाटेत लबाडी करू नये म्हणून प्रत्येक उत्तरावर सहीशिक्का मारण्याची पद्धत पुढे आली. डीएनएससेक तिचे नाव. २०१२ च्या जानेवारीत कॉमकास्टने ती आपल्या गिऱ्हाइकांसाठी पुरती लागू केली, आणि त्याच वेळी ‘डोमेन हेल्पर’ मोडीत काढला. कारण दोन्ही एकत्र नांदणे शक्य नव्हते. खोटा कागद पकडणारा कारकून नेमला, तर त्याने पहिल्याच दिवशी मदतनीसाला पकडले! जर्मनांचा मदतनीस २०१९ पर्यंत तगला. तेव्हापासून हा प्रकार पुष्कळ ओसरला आहे. पण नामशेष झाला असे लिहायला माझी लेखणी धजत नाही.

त्या जूनमध्ये मी तीन दिवस कॅफेत बसून मुद्दाम चुकीचे पत्ते टाइप केले. शाळामास्तराला न शोभणारा उद्योग! दर चुकीला तेच पान, त्याच जाहिराती. सारे टिपून कंपनीला चार पानी पत्र लिहिले. उत्तर आले, आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे. तो संबंधित विभाग मला अजून भेटायचा आहे.

अखेर कॅफेवाल्या पोराने तोड काढली. कंपनीची खिडकी सोडून गूगलच्या सार्वजनिक खिडकीवर जायचे. डिसेंबर २००९ पासून ती सर्वांना फुकट खुली होती. तिचा आकडाही सोपा, चार वेळा आठ. मजा पाहा, की गूगलचे पोट जाहिरातीवर भरते आणि माझ्या कंपनीचे माझ्या मासिक बिलावर. पण ‘नाही’ला ‘नाही’ म्हणण्याचा सरळपणा होता तो जाहिरातवाल्याकडे! आणि ओपनडीएनएस या दुसऱ्या फुकट खिडकीने २०१४ पर्यंत चुकलेल्या नावांवर जाहिराती दाखवल्याच. तेव्हा फुकट काय आणि विकत काय, खिडकीवर बसलेल्याची दानत पाहावी लागते.

शाळेत संगणक आले तेव्हा मी प्रत्येक यंत्रात ते चार आठ भरून घेतले, आणि आकडा कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवला. मुले विचारतात, “सर, हा कुणाचा नंबर?” मी त्यांना एक पत्ता मुद्दाम चुकीचा टाइप करायला सांगतो. पडदा पांढरा होतो, सर्व्हर सापडला नाही अशी ओळ उमटते. मुले हिरमुसतात, मग पत्ता वाचू लागतात, आणि कुणीतरी मागच्या बाकावरून ओरडते, “सर, एक अक्षर राहिलंय!”