ती धानोऱ्याला, तो राजापूरला

शिक्षक मित्रमैत्रिणींनो आणि पालकांनो, या वेळी पाठ टाचण नाही, उपक्रमही नाही. डी.एड. करताना (आता डी.एल.एड. म्हणायचं, पण तोंडात जुनंच बसलंय) ज्यांचं एकमेकांवर प्रेम बसतं आणि नोकरी लागली की ज्यांना राज्याच्या दोन टोकांना जावं लागतं, अशा मुलामुलींबद्दल लिहायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. निघण्याआधी त्यांना आनंद साजरा करू द्या, उघडपणे, आपल्या समोर. आणि मुलीला "एवढ्या लांब कशाला" म्हणून अडवू नका.

लिहायला कारण घडलं ते असं. आमच्या शाळेत आंतरवासितेला छात्राध्यापक येतात. त्यातलीच ही दोघं. तो गणिताचे सराव पाठ छान घ्यायचा, ती पहिलीच्या वर्गातून बाहेरच यायची नाही. पदविका झाल्यावर दोघांनीही मुक्त विद्यापीठातून बी.ए. ला प्रवेश घेतला, सोबत टीईटी, मग २०२३ ची अभियोग्यता चाचणी. एकाच वाचनालयात बसून अभ्यास. २०२४ च्या फेब्रुवारीत पवित्र पोर्टलवर निवड यादी लागली आणि दोघांचीही नावं आली. तिला गडचिरोली, त्याला रत्नागिरी. पुढे समुपदेशनात तिला धानोरा तालुक्यातली शाळा मिळाली, त्याला राजापूर. मधलं अंतर हजार किलोमीटरच्या आसपास.

यादी लागली त्या आठवड्यात दोघं पेढे घेऊन शाळेत आले. आमच्या मुलांना वाटले, मुख्याध्यापकांच्या पाया पडले. संध्याकाळी त्यांच्या वर्गमित्रांनी एका हॉटेलात जेवण ठेवलं, केक आणला. केकवर दोघांची नावं आणि नावांखाली दोन जिल्हे. कुणीतरी तो फोटो स्टेटसला ठेवला, आणि तिथून पुढचं सगळं सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चर्चा. "अजून लग्न नाही, साखरपुडा नाही, आणि केक कसला कापतात?" गंमत अशी की दोघांना नोकरी लागली याचं कौतुक दोन मिनिटांत संपलं आणि केकवर अख्खी सुट्टी गेली. तिसऱ्या दिवशी मुलीचे वडील शाळेत आले. शेतकरी माणूस, बोलायला सरळ.

"मॅडम, पोरगी तुमच्याकडं शिकवायला यायची. तुम्हाला ठावं होतं का हे?"

"दोघं बरोबर अभ्यास करतात एवढं माहीत होतं, काका."

"न्हाई पाठवत मी आता तिला. तिकडं एकटी ऱ्हाणार, कोण बघणार? हितंच स्थळ बघून लगीन लावून देतो."

मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, "काका, मुलगा तुम्हाला पसंत नसेल तर ते घरात बसून बोला, तो तुमचा हक्क आहे. पण नोकरी तिला त्या मुलामुळे लागलेली नाही. पाच वर्षं ती अभ्यासाला बसली म्हणून लागली. मुदतीत हजर झाली नाही तर ही जागा जाईल, आणि पुढची भरती कधी निघेल हे कुणाच्या हातात नाही." ते काही बोलले नाहीत. चहा संपवून गेले. पण पुढे तेच तिला नागपूरपर्यंत रेल्वेने आणि तिथून एसटीने गडचिरोलीला घेऊन गेले, खोली बघून दिली, दोन दिवस राहून परत आले. मुलाबद्दल त्यांचं मत अजून ठरलेलं नाही. ते ठरायला वेळ लागेल, लागू दे.

आता पालकांना विचारते. त्या केकचा एवढा राग का येतो? मुलं लपूनछपून भेटली तर आपण म्हणतो आमच्यापासून लपवलं. उघडपणे चारचौघांत, गुरुजनांना पेढे देऊन आनंद केला तर म्हणतो लाज सोडली. मग त्यांनी करायचं तरी काय? चार मित्र सोबत असताना, फोटो निघत असताना, आपल्या शिक्षकांना सांगून साजरा केलेला आनंद हा सगळ्यात सुरक्षित. आणि त्यांच्यासाठी हा नुसता नोकरीचा आनंद नव्हता. उद्यापासून रोज दिसणारा माणूस दिसणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. निरोप समारंभ आपण चौथीच्या मुलांनाही करतोच की!

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. पोर्टलवर प्राधान्यक्रम भरून लॉक करायचे असतात. मुलगे सरसकट जिल्हे भरतात. मुली मात्र घरच्यांना विचारून दोन-तीन जवळचे भरतात. कारण "लांब मिळालं तर लग्न कसं जमणार?" मग कमी गुणांचा मुलगा नोकरीला लागतो आणि जास्त गुणांची मुलगी घरी बसून पुढच्या चाचणीची वाट बघते. हे मी माझ्या ओळखीतल्या तीन घरांत पाहिलं आहे. या मुलीने सगळे जिल्हे भरले होते, आणि त्यानेच तिला बसवून भरायला लावले होते. मला तरी त्या मुलाबद्दल एवढं कळलं तरी पुरे आहे.

३ जानेवारीला आपण सगळे सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो, मुलींना लुगडं नेसवून भाषणं करायला लावतो. त्यांनी जोतिरावांना लिहिलेली पत्रं कधी वर्गात नाही तर निदान स्टाफरूममध्ये वाचा. १८५६ चं नायगावहून लिहिलेलं आहे. त्या आजारी म्हणून माहेरी होत्या आणि नवऱ्याला कामाबद्दल लिहीत होत्या. १८७७ चं ओतूरहून, दुष्काळातलं. आणि मधलं १८६८ चं. त्यात गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार मुलगी यांचा प्रसंग आहे. गावकरी दोघांना मारायला निघाले होते. सावित्रीबाई मध्ये पडल्या, इंग्रजी कायद्याचा धाक घातला आणि दोघांना वाचवलं. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी एक शिक्षिका एका जोडप्यासाठी जमावासमोर उभी राहिली, आणि आपल्याला एक केक पचत नाही.

लांब राहणं सोपं आहे असं मी म्हणत नाही. शिक्षणसेवकाचं मानधन आता १६,००० आहे (२००० साली योजना आली तेव्हा ३,००० होतं). त्यात खोलीभाडं, जेवण, घरी पाठवायचे पैसे. दर महिन्याला भेट हे जमण्यातलं नाही. सुट्ट्यांचंही बघा. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी सुरू होतात, आपल्याकडे आणि कोकणात जूनच्या मध्यालाच. म्हणजे ती मोकळी असते तेव्हा तो वर्गावर. कोकणात गणपतीला मोठी सुट्टी, तिकडे तशी नाही. धानोऱ्याच्या आतल्या गावांत फोनला रेंज शोधावी लागते, राजापुरात पावसात लाइट जाते. वर्ष झालं तेव्हा ती सांगत होती, आठवड्याला ठरलेल्या दोन वेळाच बोलतो, बाकीचं एकमेकांना वहीत लिहून ठेवतो. तिच्या वर्गातली मुलं घरी गोंडी बोलतात. ती गोंडी शब्द गोळा करते आणि तो त्यांची चित्रकार्डं करून पोस्टाने पाठवतो. आमच्या स्टाफरूममध्ये ज्याची चर्चा झाली ते हेच "प्रकरण".

माझ्या डी.एड.च्या बॅचमधलंही एक जोडपं असंच वेगळं झालं होतं. शिक्षणसेवकाची तीन वर्षं, मग लग्न, मग आंतरजिल्हा बदलीची वाट. बदली मिळाली तेव्हा त्याची जुनी सेवाज्येष्ठता गेली, नव्या जिल्ह्यात यादीत सगळ्यात खाली. तरी दोघं म्हणतात, तिने तेव्हा नोकरी सोडली असती तर जास्त महागात पडलं असतं. दुसऱ्या एका जोडीचं मात्र लांब राहून जमलं नाही, सहा-आठ महिन्यांत थांबले. तेही चालतं. दोघंही आज चांगले शिक्षक आहेत. न जमलं तर त्यात घराण्याची अब्रू जाते असं काही नसतं, फक्त दोन माणसांना काही दिवस वाईट वाटतं.

बदलीचे नियम दर काही वर्षांनी बदलतात. २०१७ च्या धोरणात जिल्ह्यांतर्गत बदलीसाठी पती-पत्नीच्या शाळांत ३० किलोमीटरहून जास्त अंतर असेल तर विशेष संवर्ग होता. त्यानंतरही निर्णय आलेच. म्हणून कुणी मुलांना "दोन वर्षांत होईल बदली" असं खोटं आश्वासन देऊ नका. लांब राहायचं आहे हे धरूनच त्यांना हिशोब करू दे.

आणि गडचिरोलीच्या शिक्षक बंधू-भगिनींनो, तुमच्या केंद्रात सातारा-सोलापूरकडची नवी मुलगी हजर झाली तर पहिल्याच दिवशी "लग्न झालंय का" हे विचारू नका. रेंज कुठल्या टेकडीवर मिळते आणि शेवटची एसटी किती वाजता असते, ते सांगा.