स्थलस्मृतीची परीक्षा आणि दिशांची भाषा

१९८१ साली रिचर्ड मॉरिस यांनी गढूळ पाण्याच्या गोल हौदात उंदीर सोडले. पाण्याखाली दडविलेला चौथरा उंदराला भोवतालच्या खुणांवरून किती लवकर सापडतो, यावरून त्याची स्थलस्मृती मोजण्यात आली. तोच हौद पुढे संगणकाच्या पडद्यावर आला आणि उंदराच्या जागी मनुष्य बसला. 'बसला' हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयाचा. उंदीर पोहत होता. मनुष्य खुर्चीवर स्थिर असतो आणि त्याच्यापुढे केवळ दृश्य सरकते. आभासी परिसरातील या परीक्षेचा विचार मानसशास्त्रज्ञांवर सोपवून भाषा-साहित्याच्या अभ्यासकांनी स्वस्थ राहू नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या पद्धतीचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. २०१६ साली निघालेल्या 'सी हीरो क्वेस्ट' या खेळात प्रथम नकाशा दाखविला जातो, मग तो काढून घेतला जातो आणि खेळणाऱ्याने स्मरणाने नाव हाकावयाची असते. जगभर लक्षावधी माणसे तो खेळली. अल्झायमरचा धोका वाढविणारे जनुक असलेल्या, परंतु अद्याप निरोगी असलेल्या व्यक्ती त्यात अधिक लांबचा मार्ग घेतात, असे २०१९ साली दिसून आले. त्याच वर्षी लंडन व पॅरिस येथील प्रत्यक्ष रस्त्यांवरील चाचणीशी पडद्यावरील गुणांचा मेळही बसला. परंतु २०१८ च्या निष्कर्षांत राष्ट्रांची सरासरी कामगिरी दरडोई उत्पन्नाशी निगडित आढळली होती. आरंभीच्या सरावातील गुण हिशेबात घेऊन खेळाच्या सवयीचा परिणाम वगळण्याची दक्षता संशोधकांनी घेतली होती, हे खरे. तरीही गरीब देशातील माणसाला वाट कमी आठवते, हे विधान निमूटपणे मान्य करणे कठीण आहे. लंडन-पॅरिसचा दाखला येथे पुरणार नाही.

येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. एरिक पेडरसन यांनी तमिळ भाषकांचा अभ्यास केला, तेव्हा शहरी माणसे डावे-उजवे म्हणतात, तर ग्रामीण माणसे पूर्व-पश्चिम, आणि वस्तूंची मांडणीही बहुधा त्याच रीतीने लक्षात ठेवतात, असे आढळले. भाषा एकच असूनही ही तफावत पडली. पिएर दासेन आणि रमेशचंद्र मिश्र यांनी वाराणसीत संस्कृत पाठशाळेतील मुलांचीही अशी तपासणी केली. तेथे दिशांचे भान शिक्षणातून व आचारातून पक्के होताना दिसते. मराठीपुरते बोलावयाचे तर उगवतीचा बांध आणि मावळतीचे शेत ही भाषा आपल्याला परकी नाही. महानुभावांच्या 'स्थानपोथी'त चक्रधरस्वामींच्या वास्तव्याची स्थाने गावोगाव नोंदविली आहेत, ती देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला आणि त्याचे दार कोणत्या दिशेला, अशा तपशिलाने. ग्रंथकाराला डावे-उजवे पुरले नसते. वाचणारा कोणत्या बाजूने येईल हे त्याला काय ठाऊक?

असा दिशाधारी मनुष्य पडद्यापुढे बसविला म्हणजे काय होते? खरी पूर्व आपल्या पाठीशी आहे, हे त्याला पक्के ठाऊक असते. कळ दाबताच पडद्यावरील जग गरकन फिरते; त्याचे अंग मात्र फिरत नाही आणि पूर्वही पाठीशीच राहते. डाव्या-उजव्याने चालणाऱ्याला याचा फारसा उपद्रव नसावा. या माणसाला मात्र दोन पूर्व एकदम सांभाळाव्या लागतात. त्यात तो चुकला, तर चुकले कोण?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. विस्मृतीच्या रोगाचे निदान लवकर व्हावे म्हणून या परीक्षा पुढे केल्या जात आहेत. शिवारातील प्रत्येक बांध नावानिशी सांगणारी एखादी वृद्धा पडद्यावरील समुद्रात भरकटली, तर तिच्या नावापुढे रोगाची शंका नोंदली जाईल, आणि घरचे लोक तिला एकटीने बाहेर पडू देणार नाहीत. उलट, तिला खरोखरच रोग जडला असेल, तर तो उगवती-मावळतीच्या भाषेत आधी कोठे उमटतो, हे ही परीक्षा विचारणारच नाही.

भारतात अशी परीक्षा आणताना सूचनांचा मराठी वा तमिळ तर्जुमा करून भागेल, असा समज दिसतो. तो तर्जुमा बहुधा आमच्याच विभागांकडे येईल. तो हाती घेण्यापूर्वी निदान एवढे तरी मागून घ्यावे, की परीक्षार्थीला फिरत्या खुर्चीवर बसवावे, त्याचे अंग वळेल तसे दृश्य वळावे आणि पडद्यावरील उत्तर खोलीच्या उत्तरेशी जुळविलेली असावी.