नेम आणि जबाबदारी
वायोमिंगच्या उघड्या माळावर म्यूल डिअर हे हरीण माणसाला सहजी जवळ येऊ देत नाही. कधी ३०० यार्डांवरून गोळी झाडावी लागते. त्यासाठी हाताला सवयीची रायफल हवी. १९२५ साली आलेलं .२७० विंचेस्टर काडतूस आजही पुरेसं आहे. २०० यार्डांवर नेम जुळवला, तर १३० ग्रेनची गोळी ३०० यार्डांवर साधारण सहा-सात इंच खाली उतरते, ४०० वर दीड फुटाहून जास्त. नेम जुळवताना रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा, तीन गोळ्यांचा पुंजका कागदावर पाहा, नळी निवू द्या, मगच रायफलवरच्या दुर्बिणीची कळ फिरवा. बहुतेक दुर्बिणींत एक क्लिक म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच. तरीही नेमाची खात्री नसेल, तर जखमी हरीण झुडपात तडफडत राहण्यापेक्षा चापावरचं बोट काढून घेतलेलं केव्हाही बरं.