पाळी कोण मोडतो?



गळीत हंगाम सुरू झाला की गट ऑफिसात एक वाक्य रोज कानी पडते. "साहेब, बाकीच्यांचं राहू द्या, आमची तोड तेवढी आधी द्या." कोणाच्या घरी लग्न असते, कोणाला गहू पेरायचा असतो, तर कोणी म्हणतो, "आमच्या आजोबांनी कारखान्यासाठी दारोदार शेअर्स गोळा केले. आम्हाला कसली पाळी?"

अशा वेळी आम्ही हिशेब मांडतो. तोडणीचा कार्यक्रम लागणीच्या तारखेवरून आणि उसाच्या जातीवरून ठरतो. मध्येच टोळी फिरवली की पक्व ऊस फडात उभा राहतो आणि कोवळा गव्हाणीत पडतो. तोडलेला ऊस तळावर वाळत राहिला तर वजन घटते, साखरही घटते. एफ.आर.पी. उताऱ्याशी बांधलेली आहे. उतारा पडला की पाळी मोडणाऱ्याच्याही बिलाला कात्री लागते. शिवाय सहकारात शेअर पाच असोत की पन्नास, मत एकच. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला, तो याच तत्त्वावर.

हे सारे आम्ही तोंडपाठ सांगतो. पण परवा आमचीच शिकवणी झाली.

गाडीतळावर पाण्याच्या हौदालगत कडुलिंबाची सावली आहे. आमची जीप तिथेच लागते. इतकी वर्षे लागते, की ती जागा आमच्याच नावची वाटू लागली होती. त्या दुपारी दहा-अकरा वर्षांचा एक पोरगा बैलांचा कासरा धरून म्हणाला, "सायेब, गाडी जरा फुडं घ्या की. बैलं तहानल्यात."

खरे सांगतो, आधी राग आला. हा कोण आम्हाला सांगणार? मग मागे वळून पाहिले. जीपमुळे हौदाची एकच बाजू मोकळी होती आणि तिथे सात-आठ जोड्या खोळंबल्या होत्या. गाडीवानाला पैसे टनावर मिळतात. खोळंबा झाला की त्याची पुढची खेप बुडते. इतक्या हंगामांत कोणी बोलले नाही, म्हणून आम्ही समजत होतो की कोणाची हरकत नाही. हरकत होती. साहेबाला सांगायची सोय नव्हती.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, म्हणतात ते असे. दुसऱ्याने जागा अडवली तर ती मिजास, आपण अडवली तर तो रिवाज!

आता जीप ऑफिसमागे उन्हात उभी असते. पुन्हा हौदाजवळ दिसली तर खुशाल टोका, आम्ही राग मानणार नाही. आणि काट्यापुढच्या रांगेत तुमचा ट्रॅक्टर मध्येच घुसला, तर आम्हीही टोकू. तेव्हा तुम्हीही मानू नका.