घरच्या गॅरेजात शर्यतीची गाडी

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया नावाचे डोंगराळ बेट आहे. तिथल्या क्वीन्सटाऊन या खाणींच्या गावाबाहेर एक घाट आहे. लोक त्याला 'नव्व्याण्णव वळणे' म्हणतात. एरवी या घाटातून पर्यटकांच्या मोटारी आणि मालट्रक जातात. पण १९९२ साली 'टार्गा टास्मानिया' ही शर्यत सुरू झाली आणि तेव्हापासून वर्षातून एकदा, काही तासांपुरते, बेटावरचे असे रस्ते रहदारीला बंद होऊ लागले. पाच-सहा दिवस, सुमारे दोन हजार किलोमीटरचा प्रवास, आणि अधूनमधून घड्याळ लावून, एकेक गाडी सोडून घेतलेले वेगाचे टप्पे. सगळे डांबरी रस्त्यावर. नाव उसने घेतलेले. १९०६ साली इटलीतल्या सिसिली बेटावर सुरू झालेल्या 'टार्गा फ्लोरिओ' या शर्यतीवरून.

अशा शर्यतीत पोर्शेसारख्या श्रीमंती गाड्या असणारच. पण त्यांच्या रांगेत कधी एखादी बुटकी, लांब नाकाची, दोन आसनांची उघडी गाडी दिसते. पुढची चाके अंगाच्या बाहेर, वजन आपल्या जुन्या मारुती ८०० पेक्षाही कमी. "अरे, ही तर लोटस सेव्हन!" असे जाणकार म्हणतो. जवळ जाऊन विचारले, तर मालक हसून सांगतो की लोटस कंपनीशी हिचे नाते चेहऱ्यापुरतेच. इंजिन एके काळी कुणाच्या तरी टोयोटात होते, आणि गाडीचा जन्म झाला घरामागच्या गॅरेजात, शनिवार-रविवारी.

नक्कल करायला हीच गाडी का, याला एक गमतीदार इतिहास आहे. लोटस सेव्हन १९५७ साली इंग्लंडमध्ये बाजारात आली. कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन हा हलक्या गाड्यांचा ध्यास घेतलेला इंजिनिअर. त्या काळी इंग्लंडमध्ये तयार मोटारीवर जबर खरेदी कर होता, पण सुट्या भागांवर तो लागत नसे. म्हणून चॅपमनने गाडी सुट्या भागांच्या रूपात विकली. गिऱ्हाइकाने घरी नेऊन जोडावी. आता जोडणीची माहितीपुस्तिका दिली तर ती पुन्हा 'तयार गाडी' ठरायची. यावर निघालेली पळवाट आजही गॅरेजांतून चवीने सांगितली जाते. म्हणे, पुस्तिका दिली ती गाडी सुटी कशी करावी याची. गिऱ्हाइकाने ती शेवटच्या पानाकडून उलटी वाचायची!

१९७३ साली खरेदी कर जाऊन व्हॅट आला आणि ती सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. पण घरी गाडी जोडण्याची जी चटक लागली होती ती काही गेली नाही. पुढे १९९६ साली रॉन चॅम्पियन या इंग्रज शिक्षकाने एक पुस्तक लिहिले. अवघ्या अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बनवा, अशा अर्थाचे त्याचे नाव होते. चॅम्पियन औंडल शाळेत शिकवत. भंगारातली फोर्ड एस्कॉर्ट आणायची, तिचे इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल काढून घ्यायचा आणि चौकोनी लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर बसवायचा, अशी ती रीत. या गाड्यांना 'लोकॉस्ट' हे नाव पडले. लो कॉस्ट, म्हणजे स्वस्तातली. अडीचशे पौंडांत ती खरोखर किती जणांची झाली असेल, हा प्रश्न सोडून द्यावा. घर बांधणाऱ्याला ठेकेदाराचा पहिला आकडा जितका खरा वाटतो, तितकाच हाही खरा मानावा.

सुरुवात मोठी लोभसवाणी असते. गॅरेजात एक भक्कम, सपाट टेबल मांडायचे. त्यावर सांगाड्याचा आराखडा खऱ्या मापात आखायचा. साधारण इंचभर रुंदीच्या चौकोनी नळ्या त्या रेघांवर कापून ठेवायच्या आणि वेल्डिंगचे नुसते टाके घालायचे. इथे उतावळा माणूस फसतो. एका कोपऱ्यापासून सुरू करून सरळ पक्के वेल्डिंग करत गेले, तर उष्णतेने लोखंड ओढले जाते आणि सांगाडा पिळवटतो. म्हणून आधी सगळीकडे टाके, मग मापे तपासायची, मग एक जोड इथला तर दुसरा समोरच्या टोकाचा, असे फिरत फिरत पक्के करायचे. गोधडी शिवणारी आजी हेच करते. आधी धावदोरा, मग बारीक टाके.

सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट मारून बसतो. नाक आणि मडगार्ड फायबरचे तयार मिळतात. हे झाले की गाडी गाडीसारखी दिसू लागते. शेजारी डोकावून जातात, मुले स्टीअरिंग धरून तोंडाने आवाज काढतात. घरधन्याला वाटते, झालेच की आता!

खरे तर तिथे काम सुरू होते. नक्कल असते ती रूपाची. ब्रेकची नक्कल करता येत नाही. घाटात शर्यतीच्या वेगाने उतरताना ब्रेक इतके तापतात की त्यांची उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. नवे असताना सर्वसाधारण दर्जाचे डॉट ४ ऑइल निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ओलावा मुरला की हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. पाय पेडलवर पडतो आणि पेडल सरळ तळाला जाते. गॅरेजात उभ्या असलेल्या चकचकीत गाडीकडे पाहून हे कळत नाही. नव्व्याण्णवातल्या साठाव्या वळणावर कळते.

तीच गोष्ट पिंजऱ्याची. गाडी उलटली तर आतली माणसे चिरडू नयेत म्हणून आसनांभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा असतो, त्याला रोल केज म्हणतात. जागतिक मोटार संघटनेच्या, म्हणजे एफआयएच्या नियमांत त्याची मापे ठरलेली आहेत. मुख्य कमानीची नळी ४५ मिलिमीटर व्यासाची असेल तर तिची जाडी अडीच मिलिमीटर हवी, ५० ची असेल तर दोन. नळी बिनजोडाची हवी. पिंजऱ्याचा पाय जिथे टेकतो तिथे निदान तीन मिलिमीटर जाड आणि १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाचा पत्रा हवा. नाहीतर धक्का बसताच नळी खालचा पत्रा भोसकून जाते. पट्टे आणि आसने यांच्यावर तर औषधाच्या बाटलीसारखी मुदतीची तारीख असते. दिसायला कोरा करकरीत असला तरी मुदत उलटलेला पट्टा बाद.

अनुभवी गाडीकार ओळखायचा तो इथे. नवखा माणूस अभिमानाने सांगतो, "सगळे मी स्वतः केले." मुरलेला माणूस सांगतो, "पिंजरा मी केला नाही. तो रोज हेच काम करणाऱ्याकडून करून घेतला." त्या एका वाक्यात कमीपणा काही नाही. उलट ज्या गॅरेजातून हे वाक्य ऐकू येते, त्या गाडीत बसायला हरकत नाही असे समजावे.

ऑस्ट्रेलियात अशी गाडी रस्त्यावर आणायची तर सरकारमान्य इंजिनिअरची तपासणी लागते. तो सांगाडा मागच्या बाजूने घट्ट जखडून पुढून पिळून बघू शकतो. किती जोर लावला तर किती अंश पीळ बसला, याचे गणित मांडले जाते. दोन वर्षांचे शनिवार-रविवार ज्यात गेले, तो सांगाडा असा पिळला जाताना बघणे सोपे नसावे. नापास झाला तर पुन्हा नळ्या, पुन्हा टाके. शर्यतीची तपासणी वेगळीच. इतके सोपस्कार ऐकून वैताग येईल, पण निदान वाट आहे.

आपल्याकडे ती वाट फारच अरुंद आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कारखान्याच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितले. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावची गोष्ट पुष्कळांना आठवत असेल. तिथल्या एका कारागिराने मुलाच्या हौसेखातर भंगारातून चारचाकी बनवली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी, खर्च सुमारे साठ हजार रुपये. २०२१ च्या डिसेंबरात तिची चित्रफीत उद्योगपती आनंद महिंद्र यांनी पाहिली. त्यांनी कौतुक केले, पण ही गाडी नियमांत बसत नाही, केव्हातरी ती रस्त्यावरून थांबवली जाईल, हेही लिहिले आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. २०२२ च्या जानेवारीत त्या कुटुंबाला बोलेरो मिळाली. आनंदाचीच गोष्ट. मात्र हात असलेल्या माणसाची गाडी तपासून, चुका सांगून तिला पास करण्याची सोय असती, तर ते अधिक बरे झाले असते.

पुन्हा टास्मानियाकडे वळू. गाडीला आसने दोन असतात, आणि दुसऱ्या आसनावर कोण बसते हा या सगळ्या प्रकरणातला खरा घरगुती प्रश्न आहे. रॅलीत चालकाशेजारी वाटाड्या लागतो. मांडीवर वही, डोक्यात हेल्मेट, आणि पुढचे वळण डावे की उजवे, किती आवळ, त्याच्या पलीकडे काय, हे वेळेवर वाचून दाखवायचे. एक ओळ चुकली की गाडी चुकली. चालू गाडीत वाचून ज्यांना मळमळते त्यांनी या वाटेला जाऊ नये. या शर्यतींत नवरा-बायकोच्या जोड्या, बाप-लेकांच्या जोड्या पुष्कळ दिसतात. म्हणजे गॅरेजातल्या त्या वेल्डिंगवर नुसता स्वतःचा नव्हे, घरातल्या दुसऱ्या माणसाचाही जीव टांगलेला असतो.

गाडीचे वजन चारही चाकांवर नीट वाटले गेले आहे की नाही हे बघताना दोघांनाही आत बसावे लागते. इतक्या हलक्या गाडीत माणसाच्या वजनाने हिशेब बदलतो. तेव्हा काट्यावरचा आकडा जाहीरपणे वाचला जातो, आणि पुष्कळ घरांत पहिला वाद ब्रेकवरून नव्हे, तिथेच होतो.

दुसरा वाद मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. टार्गा टास्मानियात २०१३ साली एका स्पर्धकाचा मृत्यू झाला. २०२१ साली दोन वेगळ्या अपघातांत तिघे गेले. त्यांतल्या एका गाडीत चालक आणि वाटाड्या दोघेही. २०२२ साली आणखी एक. २०२१ आणि २०२२ च्या या गाड्या काही गॅरेजात बनवलेल्या नव्हत्या, नावाजलेल्या कारखान्यांतूनच आल्या होत्या. झाडे, खडक आणि दऱ्या कारखान्याचे नाव विचारत नाहीत. चौकशी झाली, नियम कडक झाले, आणि २०२३ ची शर्यत रद्द झाली.

ज्यांच्या गॅरेजात त्या वेळी अर्धवट सांगाडे होते, त्यांच्या घरी काय बोलणे झाले असेल याची कल्पना करता येते. "आता कशाला पुरी करायची?" हा प्रश्न गैर नाही. कुणी सांगाडा विकला असेल. कुणी ठरवले असेल की शर्यत नको, पूर्ण झाली की रविवारी सकाळी समुद्राच्या कडेने हळू चालवू. अशा गाड्यांतल्या कित्येक मुळात पुऱ्या होतच नाहीत. मुले मोठी होतात, पाठ दुखू लागते, गॅरेजात सांगाड्यावर कपडे वाळत पडतात. त्यातही वाईट काही नाही. वेल्डिंग शिकलेला हात घराचे फाटकही दुरुस्त करतो.

पण जी गाडी पुरी होते, तिच्या शेवटच्या रात्रीची एक पद्धत आहे. प्रत्येक नट ठरलेल्या जोराने, टॉर्क पान्याने आवळायचा आणि आवळला की त्यावर रंगाचा एक बारीक पट्टा ओढायचा, अर्धा नटावर, अर्धा पत्र्यावर. नट जरा जरी फिरला तरी पट्टा तुटलेला दिसतो. शहाण्या घरांत पाना एकाच्या हातात असतो आणि रंगाची कुपी दुसऱ्याच्या. ज्याने आवळला त्याने रंग लावायचा नाही. उद्या डाव्या आसनावर जी बसणार असते, ती बॅटरी घेऊन गाडीखाली सरकते, एकेक नट बोटाने चाचपते आणि मगच पट्टा ओढते. कुठे शंका आली की बाहेर हात काढते.

"हा परत आवळा," ती म्हणते. आणि नवरा मुकाट्याने पाना घेऊन खाली वाकतो.